अतिथिधर्म आणि मोटारीचा परवाना

अतिथीचें स्वागत कसें करावें हें आपल्या लोकांस सांगावयास नको. दारीं आलेल्या माणसास बसावयास द्यावें, तांब्याभर पाणी पुढें ठेवावें, तो कोणत्या वेळीं आला हें पाहूं नये, इतकें आपल्या घरांतील मुलांस न शिकवितांच येतें. परंतु याच व्यवहाराची दुसरी बाजू, म्हणजे दुसऱ्याच्या घरीं गेलेल्या पाहुण्यानें कसें वागावें, हिचा विचार आपल्याकडे त्या मानानें थोडा होतो. यजमानाचे धर्म आपण बोटांवर मोजून सांगतों. पाहुण्याचे धर्म मात्र ज्याच्या त्याच्या समजुतीवर सोडून देतों. चाणाक्ष पाहुणा परक्या घरांत कोठवर जावें, कशास हात लावावा आणि कशास लावूं नये, हें न विचारतां ओळखतो. जो ओळखत नाहीं त्यास कोणी बोलून दाखवीत नाहीं; पण तो निघून गेल्यावर घरच्या मंडळींचा जीव भांड्यांत पडतो.

मोटार घेऊन परक्या देशाच्या रस्त्यावर उतरणें हा अशाच पाहुणचाराचा एक प्रकार आहे, असें आम्हांस वाटतें. रस्ता त्यांचा, त्यावरील फलक त्यांचे, रहदारीच्या चालीरीती त्यांच्या, आणि त्या रस्त्याच्या कडेनें शाळेंत जाणारीं मुलेंही त्यांचींच. तेथें आपण जातों ते पाहुणे म्हणून, आणि आपल्या हातीं असतें तें हजार-बाराशे किलो वजनाचें धांवतें यंत्र. तेव्हां त्या घरच्या धन्यानें, "आपण कोण, आणि हें यंत्र चालविण्यास आपण लायक आहांत असें कोणीं सांगितलें?" असा प्रश्न केला तर त्यांत रागावण्यासारखें कांहीं नाहीं. या प्रश्नाचें जें उत्तर राष्ट्राराष्ट्रांनीं मिळून ठरविलें आहे, त्याचेंच नांव आंतरराष्ट्रीय वाहनचालक परवाना.

हा विषय केवळ हौशी प्रवाशांचा आहे असें मात्र कोणी समजूं नये. ज्या घरचा एकही मुलगा किंवा मुलगी समुद्रापलीकडे नाहीं असें घर आमच्या आळींत हल्लीं शोधावें लागेल. वर्षा-दोन वर्षांनीं आईबाप तिकडे जातात आणि दोन-तीन महिने राहतात. सकाळीं मुलें कामावर निघून गेलीं म्हणजे मागें राहिलेल्या वडील माणसांचें जग खिडकीपुरतें उरतें. दुधाची पिशवी संपली तरी संध्याकाळची वाट पाहावी लागते, आणि देवदर्शन शनिवार-रविवारावर जातें. पुण्यास आपल्या हातानें गाडी काढून चार कामें उरकून येणाऱ्या माणसास हें परावलंबन फार जाचतें. म्हणून परदेशीं गाडी चालवितां येणें ही पुष्कळांच्या दृष्टीनें चैन नसून स्वाभिमानाची बाब होऊन बसते. स्वाभिमान आला म्हणजे उतावीळही येते, आणि उतावीळ आली कीं, "कोण विचारतो?" हें आपलें जुनें ब्रीदवाक्य ओठांवर येतें.

या परवान्याची कल्पना मोटारीहून फार धाकटी नाहीं. युरोपांत मोटारी धांवूं लागल्या तेव्हां एका दिवसांत दोन-तीन देशांच्या सीमा ओलांडणें शक्य झालें, आणि प्रत्येक सीमेवर नवा कायदा व नवे कागद आडवे येऊं लागले. तेव्हां ११ ऑक्टोबर १९०९ रोजीं पॅरिस येथें कांहीं राष्ट्रांनीं एक करार केला. एका देशानें आपल्या चालकास दिलेलें प्रमाणपत्र दुसऱ्या देशानें मानावें, असें त्यांत ठरलें. आणि भाषा न येणाऱ्यासही समजाव्या म्हणून रस्त्याचा उंचसखलपणा, वळण, चौरस्ता व रेल्वेचें फाटक या धोक्यांच्या चार खुणाही ठरल्या. पुढें १९२६ सालीं त्याच शहरीं दुसरा करार झाला, संयुक्त राष्ट्रांच्या विद्यमानें १९ सप्टेंबर १९४९ रोजीं जिनीव्हा येथें तिसरा झाला, आणि १९६८ सालीं व्हिएन्ना येथें आणखी एक झाला. आपलें सरकार जो परवाना देतें तो १९४९ च्या कराराच्या नमुन्याचा असतो. हा सनावळीचा तपशील कंटाळवाणा वाटेल. परंतु परदेशीं कोणता परवाना चालेल आणि कोणता चालणार नाहीं हें पुष्कळ वेळां याच सनांवर अवलंबून असतें.

हें पुस्तक दिसावयास अगदीं साधें असतें. जिनीव्हाच्या नमुन्याप्रमाणें वेष्टन राखी रंगाचें, आंतलीं पानें पांढरीं, आणि शेवटलें पान फ्रेंच भाषेंत. त्यावर आपलें छायाचित्र, सही, आणि ए, बी, सी, डी, ई अशा वर्गांपैकीं ज्या वर्गाचीं वाहनें आपण चालवूं शकतों त्यापुढें शिक्का. घरगुती मोटारीचा वर्ग बी. हें पुस्तक म्हणजे नवी परीक्षा नव्हे, कीं नवें कौशल्यही नव्हे. आपल्या देशांत आपणांस मिळालेला परवाना दुसऱ्या देशाच्या शिपायास वाचतां यावा म्हणून केलेलें तें एक भाषांतर आहे. मूळ ग्रंथावांचून भाषांतरास जेवढा अर्थ, तेवढाच मूळ परवान्यावांचून या पुस्तकास. म्हणून दोन्ही बरोबर बाळगावीं लागतात. आणखी एक मौज अशी कीं, ज्या देशांत हें पुस्तक मिळतें त्याच देशांत तें निरुपयोगी असतें. आपल्या घरीं आपली ओळख दुसऱ्यानें करून देण्याचें कारण नाहीं, हेंच त्यांतील तत्त्व.

आपल्याकडे हें पुस्तक प्रादेशिक परिवहन कार्यालयांत, म्हणजे ज्यास सर्वजण आर.टी.ओ. म्हणतात तेथें, नमुना ४-अ चा अर्ज भरून मिळतें. नियमांतील फी एक हजार रुपये आहे. मुदत एक वर्षाची. मात्र मूळ परवाना त्यापूर्वींच संपत असेल तर त्या दिवसापर्यंतच. पूर्वीं निरनिराळ्या राज्यांत त्याचें रूप निरनिराळें असे, त्यामुळें परदेशांतील अधिकारी बुचकळ्यांत पडत. तें ऑगस्ट २०२२ मधील नियमान्वयें देशभर एकसारखें करण्यांत आलें. इंटरनेटवर जे कोणी घरबसल्या, तीन-तीन वर्षांच्या मुदतीचे 'आंतरराष्ट्रीय परवाने' विकतात, त्यांचा माल शोभेच्या तसबिरीइतकाच उपयोगी. सरकारनें किंवा सरकारनें अधिकार दिलेल्या संस्थेनें दिलेला परवानाच काय तो खरा.

आणि खरा परवानाही सगळीकडे चालतो असें नाहीं. ब्रिटनमध्यें पाहुण्यास आपल्या देशाच्या परवान्यावरच बारा महिने साधी मोटार चालवितां येते. उलट चीन या करारांत सामील नसल्यामुळें तेथें आपलें पुस्तक दाखविलें तर तें कौतुकानें पाहतील आणि परत करतील. प्रत्येक घरची रीत वेगळी. आणि ती जाण्यापूर्वीं विचारून घेणें हें पाहुण्याचें पहिलें काम.

आम्हांस या विषयाची प्रत्यक्ष ओळख झाली ती जपानांत. आमची मुलगी व जावई २०२२ सालापासून उत्तरेकडील होक्काइदो बेटावर साप्पोरो शहरीं राहतात. २०२५ सालच्या जुलै महिन्यांत आम्ही उभयतां त्यांजकडे गेलों. जातांना दोघांनींही पुण्याहून हीं पुस्तकें काढून नेलीं होतीं. वस्तुतः आमच्या घरीं गाडीचें चाक बहुधा सौभाग्यवतींच्या हातीं असतें. आम्ही शेजारीं बसून सूचना करतों आणि त्या ऐकून घेतल्या जात नाहींत. जाण्यापूर्वीं महिनाभर त्यांनीं जपानी रहदारीचे नियम वहींत उतरून काढले होते, आणि दुपारच्या वेळीं त्या आम्हांसच प्रश्न विचारून आमची परीक्षा घेत.

त्या वहींत एक नियम त्यांनीं तांबड्या शाईनें अधोरेखित केला होता. जपान हा १९४९ च्या करारांतील देश. म्हणून आपल्या पुस्तकास तेथें मान आहे. परंतु तो मान परवान्याच्या तारखेपासून एक वर्ष किंवा त्या देशांत उतरल्या दिवसापासून एक वर्ष, यांपैकीं जी मुदत आधीं संपेल तेवढाच. याशिवाय आणखी एक अट आहे. ज्याची त्या देशांत रहिवासी म्हणून नोंद झाली आहे, असा मनुष्य बाहेर जाऊन तीन महिन्यांच्या आंत परत आला, तर तें परत येणें 'उतरणें' म्हणून धरलें जात नाहीं. कारण उघड आहे. नाहीं तर तेथें कायमचा राहणारा मनुष्य दरवर्षीं पंधरा दिवस मायदेशीं जाऊन नवें पुस्तक आणील, आणि जन्मभर पाहुणा म्हणून मिरवील.

आतां अडचण अशी कीं, हा नियम आमच्या जावयांसच लागू होता. पहिलें वर्ष त्यांनीं भारतीय पुस्तकावर रीतसर गाडी चालविली. पुढें जपानी परवाना करून घ्यावयाचा तो कामाच्या गर्दींत राहिला. २०२४ च्या दिवाळींत ते तीन आठवडे पुण्यास आले होते, तेव्हां नवें पुस्तक काढून घेऊन गेले. आमच्या मुक्कामांत समुद्रदिनाच्या सुटीला जोडून तीन दिवस फुरानोस जाण्याचा बेत त्यांनीं मोठ्या हौसेनें केला होता. भाड्याची मोटार ठरली होती, आणि चालविणार ते स्वतः. मागच्या आसनावर आमचा चार वर्षांचा नातू बसावयाचा होता.

जांवयास चार गोष्टी सांगणें हें आपल्या समाजांत किती नाजूक काम आहे, हें वाचकांस विदित आहेच. मुलास रागें भरतां येतें, जांवयापुढें शब्द तोलावे लागतात. आम्हीं रात्रीं जेवणानंतर हळूच विषय काढला. जावई हंसून म्हणाले, "बाबा, इथें कितीतरी लोक असंच करतात. कोणी विचारत नाहीं. आणि पुस्तक कांहीं बनावट नाहीं. आपल्याच सरकारनं दिलेलं आहे." या म्हणण्यांत असत्य कांहींच नव्हतें. पुस्तक अस्सल होतें, हात सरावाचा होता, आणि रस्ताही त्यांच्या ओळखीचा होता. मुलगी खालीं मान घालून ताटें आवरूं लागली.

तेव्हां सौभाग्यवती म्हणाल्या, "अहो, पुस्तक खरं आहे, पण तें पाहुण्याचं आहे. तुम्ही आतां इथले पाहुणे राहिलां नाहींत, घरचे झालांत. घरच्या माणसानं पाहुण्याच्या पानावर कसं बसावं? पाहुणे आम्ही आहोंत. गाडी मी चालवतें." जावई कांहीं बोलले नाहींत. त्यांस वाईट वाटलें हें दिसत होतें. सासू-सासऱ्यांस आपण हिंडवून आणावें ही त्यांची इच्छा चांगलीच होती, आणि तीच मोडली गेली होती. त्या रात्रीं घरांत बोलणें थोडें झालें. परंतु दुसऱ्या दिवशीं मोटारी भाड्यानें देणाऱ्या दुकानांत त्यांनीं आपलें पुस्तक खिशांतून बाहेर काढलें नाहीं, हें आम्हीं पाहिलें. तेथील तरुणानें सौभाग्यवतींचा मूळ परवाना, राखी पुस्तक आणि पासपोर्ट हीं तिन्ही शेजारीं शेजारीं मांडलीं, उतरल्याच्या शिक्क्यावरची तारीख बोट ठेवून वाचली, आणि मग दोन्ही हातांनीं किल्ली पुढें केली.

जपानांत आपल्यासारखीच रस्त्याच्या डाव्या बाजूनें गाडी चालवितात, त्यामुळें हात लवकर बसतो. मन बसावयास मात्र वेळ लागतो. पहिलें रेल्वेचें फाटक आलें. तें उघडें होतें, दूरवर गाडीचा मागमूस नव्हता, तरी पुढली प्रत्येक मोटार क्षणभर पूर्ण थांबून मग रुळ ओलांडीत होती. कायदाच तसा आहे. तांबड्या उलट्या त्रिकोणावर 'तोमारे', म्हणजे 'थांबा', असें लिहिलेलें असतें. तेथें वेग कमी करून भागत नाहीं, चाकें फिरावयाचीं थांबावीं लागतात. तांबडा दिवा असतांना डावीकडे वळण्याची मोकळीक नाहीं. फलक नसेल तेथें मोठ्या साध्या रस्त्यावर वेगाची मर्यादा ताशीं साठ किलोमीटर, आणि द्रुतगति मार्गावर शंभर. सहा वर्षांखालच्या मुलास वेगळें बांधून ठेवण्याचें आसन सक्तीचें. होक्काइदोंत रस्त्याच्या कडेला उंच खांबांवरून खालीं तोंड केलेले तांबडेपांढरे बाण लोंबत असतात. हिंवाळ्यांत बर्फाखालीं रस्ता दिसेनासा झाला म्हणजे त्याची कड कोठें आहे हें ते सांगतात. ऐन उन्हाळ्यांत त्या बाणांकडे पाहून आमच्या मनांत आलें कीं, नियम हेही असेच असतात. सर्व कांहीं स्वच्छ दिसत असतें तेव्हां ते निरर्थक वाटतात.

ताकिकावापर्यंत द्रुतगति मार्ग आणि पुढें ३८ क्रमांकाचा राष्ट्रीय मार्ग, अशी आमची वाट होती. आशिबेत्सु हें एके काळीं कोळशाच्या खाणींचें गांव. तेथें रस्त्याकाठीं एक विसाव्याची जागा आहे. अशा जागांस जपानींत 'मिचि-नो-एकि', म्हणजे रस्त्यावरचें स्टेशन, असें म्हणतात. १९९३ सालापासून ही सोय देशभर झाली असून तेथें शौचालय, विश्रांति आणि गांवच्या मालाचीं दुकानें असतात. आम्हीं बरोबर आणलेल्या दशम्या व चटणी खाऊन गाडींत बसलों होतों. गाडी उभीच होती. इतक्यांत शेजारचा एक छोटा मालमोटारा मागें येतां येतां आमच्या गाडीच्या पुढल्या कोपऱ्यास लागला. आवाज फारसा झाला नाहीं. ओरखडा मात्र वीतभर उठला.

मालमोटाऱ्यांतून एक वृद्ध शेतकरी उतरला. त्याच्या गाडीवर चार पाकळ्यांच्या पानाचें चिन्ह होतें. सत्तरी ओलांडलेल्या चालकांसाठीं तें असतें. त्यानें टोपी काढली आणि कमरेंत वांकून तीनदां क्षमा मागितली. त्याचें वय आणि त्याची अवस्था पाहून सौभाग्यवतींस कसेंसेंच झालें. "त्यांना सांग, कांहीं झालेलं नाहीं, जाऊं द्या," असें त्या मुलीस म्हणाल्या. मुलीनें तें जपानींत सांगितलें. म्हातारा पुनः वांकला, पण जागचा हलला नाहीं. तो म्हणाला, "चूक माझी आहे. ती नोंदली गेली पाहिजे." आणि आम्ही पाहत असतां त्यानें आपला फोन काढून ११० हा पोलिसांचा क्रमांक लावला.

पुढें समजलें कीं, त्यांत नुसता त्याचा सुस्वभाव नव्हता. जपानांत लहानसाही अपघात पोलिसांस कळविणें हें चालकाचें कर्तव्यच आहे. आणि पोलिसांची नोंद नसेल तर विम्याचें काम पुढें सरकत नाहीं. तरीपण समोरचा मनुष्य सोडून देत असतां स्वतःवरच पोलीस बोलावणारा मनुष्य आम्हीं तोंवर पाहिला नव्हता. अर्ध्या तासानें एक तरुण पोलीस आला. त्यानें म्हाताऱ्याचा परवाना पाहिला, मग सौभाग्यवतींकडे वळून त्यांचीं पुस्तकें मागितलीं. मूळ परवाना, राखी पुस्तक, पासपोर्ट. पुनः तोच शिक्का, पुनः तीच तारीख. त्यानें सर्व लिहून घेतलें, टोपीला हात लावला आणि पुस्तकें परत केलीं. सारें काम तासाभरांत आटोपलें. तो गेल्यावर म्हाताऱ्यानें मालमोटाऱ्यांतून एक खरबूज काढून नातवाच्या मांडीवर ठेवलें. तें सांभाळीत तो फुरानोपर्यंत हूं कीं चूं न करतां बसला.

त्या ठिकाणीं चाकामागें जावई असते तर काय झालें असतें, याचा हिशेब करणें अवघड नाहीं. धडक दुसऱ्यानें दिली होती. तरी कागद दोघांचेही पाहिले जातात. विनापरवाना मोटार चालविण्यास जपानी कायद्यांत तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पांच लक्ष येनपर्यंत दंड आहे. चालकाजवळ परवाना नाहीं हें ठाऊक असून त्याच्याकडून आपणांस नेऊन घेणाराही दोषी ठरतो, म्हणजे आम्ही दोघेंही त्यांत आलों असतों. भाड्याच्या गाडीचा विमा अशा चालकास आधार देत नाहीं. परदेशांत नोकरी करणाऱ्या माणसाच्या नांवावर असा गुन्हा लागला तर त्याच्या पुढील वास्तव्यावर काय परिणाम होईल, हें सांगावयास पाहिजे असें नाहीं. एका वीतभर ओरखड्यानें एक चालतें संसाराचें घर हादरलें असतें.

परंतु जावयांच्या मनास जें लागलें तें दंडाचें भय नव्हतें. फुरानोस पोंचल्यावर संध्याकाळीं लव्हेंडरच्या जांभळ्या शेतांच्या बांधावर आम्ही बसलों होतों. समोर तोकाची पर्वताच्या माथ्यावरून धूर निघत होता. बराच वेळ गप्प बसून ते म्हणाले, "आई, त्या आजोबांनीं फोन काढला, तेव्हां तुमच्या जागीं मी असतों तर मीं त्यांचा हात धरला असता. नको, नको म्हणून विनवलं असतं. तो मनुष्य स्वतःचा गुन्हा सांगायला उभा होता, आणि मला त्याला अडवावं लागलं असतं."

आमच्या मतें या विषयाचें सार या चार वाक्यांत आलें. परवाना हा पोलिसास दाखविण्यासाठीं असतो अशी आपली समजूत असते. म्हणून पोलीस नसेल तेथें त्याची गरज नाहीं असें आपणांस वाटतें. वास्तविक तो रस्त्यावरच्या त्या अनोळखी माणसासाठीं असतो, ज्याची आपली कधीं भेट व्हावयाची नसते, आणि झालीच तर ती अपघातानेंच होते. त्यानें आपणांस पाहिलेलें नाहीं, आपली भाषा त्यास येत नाहीं, तरी तो आपल्या बाजूनें निर्धास्त गाडी हांकतो. कारण समोरून येणाऱ्या प्रत्येक चालकाविषयीं कोणीतरी जबाबदार सत्तेनें शब्द दिला आहे, हा त्याचा विश्वास असतो. तो विश्वास मोडून गाडी चालविणारा मनुष्य बहुधा सुखरूप घरीं पोंचतो, हें खरें. परंतु प्रामाणिक माणसापुढें ताठ मानेनें उभें राहण्याची त्याची शक्ति तो घरीं ठेवून निघालेला असतो.

येथें आपल्या देशाकडेही एकदां वळून पाहिलें पाहिजे. हें राखी पुस्तक नव्या परीक्षेवांचून मिळतें, तें पूर्वींच्या परीक्षेच्या भरंवशावर. पूर्वींची परीक्षाच जर कोणा मध्यस्थाच्या ओळखीनें, गाडी दोन हात पुढें-मागें करून उरकली असेल, तर त्या पुस्तकावर भारत सरकारचा शिक्का असूनही आंतला शब्द पोकळ असतो. परदेशचा अधिकारी शिक्का पाहून विश्वास ठेवतो. त्याचा विश्वास खरा करावयाचा कीं खोटा, हें आपल्या हातीं. म्हणून ज्यांस परदेशीं गाडी चालवावयाची आहे त्यांनीं अर्ज भरण्यापूर्वीं आपलीच परीक्षा आपण घ्यावी. ज्या देशांत जावयाचें तेथील नियम तेथील सरकारच्याच माहितीवरून वाचावे, उतरल्याची तारीख पासपोर्टावर उमटली आहे हें विमानतळावरच पाहावें, आणि मुदतीचा शेवटला दिवस भिंतीवरच्या दिनदर्शिकेंत खूण करून ठेवावा. मनांत शंका असेल तर आगगाडीनें जावें. जपानसारख्या देशांत तींत कांहीं कमीपणा नाहीं.

जावयांची गोष्ट अर्धवट सोडणें बरें नव्हे. त्यांनीं साप्पोरोस परत येतांच मूळ परवान्याचें जपानी भाषांतर करवून घेतलें आणि परवाना बदलून घेण्याचा अर्ज केला. त्यांचा क्रम लागेपर्यंत १ ऑक्टोबर २०२५ पासून ती परीक्षा कडक झाली. पूर्वीं दहा प्रश्न असत, तेथें पन्नास झाले, आणि शंभरांत नव्वद गुण लागूं लागले. लेखी परीक्षा ते पहिल्याच खेपेस उत्तीर्ण झाले, गाडीची दुसऱ्या खेपेस. पहिल्या खेपेस कां राहिलां असें विचारतां, फलकापाशीं चाकें पूर्ण थांबलीं नाहींत, एवढेंच त्यांनीं सांगितलें. आतां ते त्या घरचे रीतसर झाले आहेत, आणि पाहुण्याचें पान त्यांस लागत नाहीं.

आम्ही मात्र पाहुणेच. आणि पाहुण्याची मुदत ठरलेली असावी हेंच योग्य. परक्या देशांत कांहीं आठवडे त्यांचे रस्ते आपण वापरतों, आणि मग निघून येतों. मागें आपलें नांव राहत नाहीं, रहावयाचें कारणही नाहीं. दार लावतां लावतां त्या घरच्या मंडळींनीं "बरीं माणसं होतीं" एवढें म्हटलें, म्हणजे अतिथीचा धर्म पुरा झाला.